नॉर्थ कॅरोलिनातले स्कॉटिश नेमके गेले कुठे?

केरीकर_अण्णा | मंगळवार, रात्री ९:४२

मंडळी, एक घरगुती अडचण घेऊन आलोय. इथे आठवीला राज्याचा इतिहास असतो. लेकीला प्रकल्प मिळालाय: स्कॉटलंडहून आलेल्यांचे वंशज आपल्या राज्यात कोणत्या काउंटीत किती आहेत ते नकाशावर रंगवून दाखवा. शाळेचा प्रकल्प म्हणजे बापाचा प्रकल्प, हे इथे कुणाला वेगळं सांगायला नको.

नॉर्थ कॅरोलिनात १०० काउंट्या. (आकाराने तालुका आणि रुबाब जिल्ह्याचा, असं समजा.) जनगणना खात्याच्या अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेत वंशाचा तक्ता मिळतो. तो उतरवून घेतला, टक्केवारी काढली, लेकीने हिरव्या रंगाच्या छटा भरल्या. आणि तिथेच घोळ झाला.

दक्षिणेला एका काउंटीचं नावच स्कॉटलंड. तिथलं गाव लॉरिनबर्ग, मॅक्लॉरिन घराण्यावरून पडलेलं नाव. शेजारची रोबेसन काउंटी म्हणजे हायलँडर लोकांचा (स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून आलेल्यांचा) जुना बालेकिल्ला, असं पुस्तकात लिहिलंय. नकाशात मात्र रोबेसन अगदी फिकट. स्कॉटलंड काउंटीची वस्ती जेमतेम ३४ हजार, नमुना एवढासा, त्यामुळे आकड्यापेक्षा त्रुटीचा पट्टाच डोळ्यात भरतो. मूर काउंटी मात्र चांगली गडद. टक्के सोडून नुसती डोकी मोजली तर आमची वेक (आमचं केरी गाव तीतच) आणि शार्लटची मेक्लेनबर्ग पुढे, पण तिथे प्रत्येकी ११ लाखांवर माणसं राहतात, तिथे काय कुणाचीही डोकी जास्तच भरणार.

लेक विचारते, "बाबा, मग पुस्तक चुकलंय की नकाशा?" मी म्हटलं, उद्या सांगतो. तुमच्या भरवशावर.

रांगडा_गडी | रात्री ९:५५

ते घागरे घालून लाकडाचा ओंडका उभा फेकतात तेच ना? पॉपकॉर्न घेऊन बसलोय. जाणकारांनी यावं.

जुनी_पानं | रात्री ११:१०

घागरा नाही हो, किल्ट. असो.

अण्णा, पुस्तक बरोबर आहे, नकाशाही बरोबर आहे. दोघं वेगवेगळ्या काळाबद्दल बोलतायत. मी फेएटव्हिलजवळ (कंबरलंड काउंटीतलं मोठं शहर) अकरा वर्षं काढली, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो. चहा घेऊन बसा.

१७३९ च्या सप्टेंबरात स्कॉटलंडच्या अर्गाइल भागातली सुमारे ३५० माणसं 'थिसल' नावाच्या जहाजाने केप फिअर नदीच्या मुखाशी उतरली. तेव्हाचा गव्हर्नर गेब्रिएल जॉन्स्टन स्वतः स्कॉटिश. पुढच्याच वर्षी या लोकांना दहा वर्षं करमाफी मिळाली. आपला माणूस कचेरीत असला की कामं कशी भराभर होतात, हे आपल्याला माहीत आहेच. नदीने वर सरकत ते आजच्या कंबरलंड, हार्नेट, होक, मूर, रोबेसन, स्कॉटलंड या पट्ट्यात पसरले. वाळूची जमीन, उंच पाइनची जंगलं. शेती यथातथाच. पण पाइनपासून डांबर आणि टर्पेंटाइन निघायचं आणि ब्रिटिश आरमाराला ते हवंच असायचं. इथल्या लोकांना 'टार हील' म्हणतात ते त्याच डांबरामुळे.

आता गंमत बघा. १७५४ मध्ये या भागाची काउंटी केली आणि नाव ठेवलं कंबरलंड. कंबरलंडचा ड्यूक म्हणजे १७४६ मध्ये कलोडनच्या माळावर हायलँडरांच्या बंडाचा चेंदामेंदा करणारा माणूस. स्कॉटलंडात त्याला 'खाटीक' म्हणत. आणि अमेरिकेतल्या हायलँडरांच्या सगळ्यात मोठ्या वस्तीला नाव त्याचंच.

कट्ट्यावरचा_पक्या | बुधवार, सकाळी ७:२०

म्हणजे कलोडनला हरले म्हणून पळून इकडे आले ना सगळे? मला तरी असंच सांगितलंय. जमिनीवरून हाकलून लावून तिथे मेंढ्या पाळल्या वगैरे.

जुनी_पानं | सकाळी ८:०५

पक्याशेठ, हेच सगळे सांगतात. इथल्या यात्रांमध्येही पाट्यांवर हेच लिहिलेलं असतं. पण तारखा मांडून बघा. पहिली वस्ती १७३९ ची, कलोडन १७४६ चं. सात वर्षं आधीच आलेला माणूस कशातून पळून आला? दुसरी मोठी लाट १७६८ ते १७७५ ची. तिचं कारण मुख्यतः वाढत चाललेले खंड. तिथे 'टॅक्समन' म्हणून मधले लोक असत. सरदाराकडून जमीन खंडाने घ्यायची आणि कुळांना वाटून द्यायची. आपल्या खोतांची आठवण यावी असे. खंड वाढले तेव्हा हे मधलेच आपल्या कुळांसकट जहाजात बसले. म्हणजे सगळेच काही फाटके नव्हते, बऱ्यापैकी पैसा बाळगून आलेलेही होते. मेंढ्यांसाठी हाकलण्याचा मोठा प्रकार बहुतांशी त्यानंतरचा.

फ्लोरा मॅक्डॉनल्डचं नाव ऐकलंय? १७४६ मध्ये कलोडनला हरलेल्या बंडाच्या म्होरक्याला, राजपुत्र चार्लीला, बाईचं लुगडं नेसवून, आयरिश मोलकरीण म्हणून होडीतून पळवून नेणारी ती. (लुगडं माझ्या पदरचं, झगा असेल.) ती १७७४ मध्ये नवऱ्यासकट नॉर्थ कॅरोलिनात आली. दोन वर्षांत इथेही अमेरिकन स्वातंत्र्याचं युद्ध पेटलं. आणि ज्या राजघराण्याविरुद्ध तिने जीव धोक्यात घातला, त्याच घराण्याच्या राजासाठी तिचा नवरा लढायला निघाला!

सौ_पानसे | सकाळी ८:३१

अय्या, हे का पण? राजाच्या बाजूने का?

जुनी_पानं | सकाळी ८:५८

ताई, यावर लोकांनी खंडीभर लिहिलंय. कलोडननंतर निष्ठेच्या शपथा घ्याव्या लागल्या होत्या. जमिनी राजाच्या नावाने मिळाल्या होत्या. काही अधिकारी इंग्रज सैन्याच्या अर्ध्या पगारावर, म्हणजे एक प्रकारच्या पेन्शनवर, होते. आणि एकदा बंड करून काय होतं ते बापजाद्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मला हे शेवटचं कारण सगळ्यात पटतं.

२७ फेब्रुवारी १७७६, पहाटे, मूर्स क्रीकचा पूल. बंडखोरांनी पुलाच्या फळ्या काढून ठेवल्या होत्या आणि उरलेल्या ओंडक्यांना साबण आणि चरबी फासली होती. हायलँडर "किंग जॉर्ज आणि तलवारी!" ओरडत त्या निसरड्या ओंडक्यांवर चढले, समोरून बंदुका आणि तोफा. काही मिनिटांत खेळ खलास. राजाच्या बाजूची तीसेक माणसं तरी गेली, शेकडो धरले गेले. समोरच्यांचा एक मेला. फ्लोराचा नवरा कैदेत, ती १७७९ मध्ये परत स्कॉटलंडला.

दीड महिन्याने, १२ एप्रिलला, या राज्याने स्वातंत्र्याच्या बाजूने मत देण्याची मुभा आपल्या प्रतिनिधींना दिली. अण्णा, लेकीला राज्याचा झेंडा दाखवा, ती तारीख त्यावर लिहिलेली आहे.

रांगडा_गडी | सकाळी ९:१५

साबण लावलेला पूल!! दहीहंडीचा खांब आठवला. दंडवत घ्या.

गोळीवाली | दुपारी १२:४०

जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवरून टंकतेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी त्याच भागात औषधांच्या दुकानात काम करते. गिऱ्हाइकांनी घेऊन जायच्या पिशव्या आम्ही आडनावाच्या अक्षराप्रमाणे खणात लावतो. आमच्याकडे 'एम'ला दोन खण आहेत. एक साधा एम, दुसरा नुसत्या मॅकचा. मॅक्नील, मॅक्लीन, मॅकॉय, मॅक्डॉनल्ड, मॅक्फेल. मॅक्नीलच एवढे की जन्मतारीख विचारल्याशिवाय पिशवी द्यायची सोय नाही. नवीन मुलगी कामाला आली की पहिल्या आठवड्यात हमखास घोळ घालते.

पण अण्णा, त्या मॅक्नीलांपैकी निम्म्याहून जास्त लोक काळे आहेत. एक आजी येतात, ऐंशीच्या पुढच्या, नेहमी टोपी घालून. मी एकदा भोळेपणाने म्हटलं, "तुमचं नाव स्कॉटिश ना?" हसून म्हणाल्या, "नाव त्यांचं, बाई. आम्ही नावासोबत आलो नाही, नाव आमच्यावर आलं." पुढे काही बोलल्या नाहीत आणि मलाही विचारवलं नाही.

त्या तुमच्या सर्व्हेत काय लिहित असतील? स्कॉटिश तर नक्की नाही.

जुनी_पानं | दुपारी १:०२

गोळीवालीताई, तुम्ही मुळावरच बोट ठेवलंत. हायलँडर लोकांनीही गुलाम ठेवले होते. गेलिक (हायलँडरांची जुनी भाषा) बोलणाऱ्या मालकांच्या घरात वाढलेले गुलाम गेलिक बोलायचे, अशा आठवणी या भागात सांगतात. तिथे चर्चमधली प्रवचनं एकोणिसाव्या शतकातही गेलिकमध्ये चालत. १७९१ मध्ये फेएटव्हिलला गेलिक प्रवचनांचं पुस्तक छापलं गेलं होतं. त्यामुळे आडनावावरून नकाशा काढला असता तर रोबेसन, कंबरलंड, होक काळेकुट्ट हिरवे झाले असते. वंश विचारून काढला तर फिकट.

टक्केवारी_बहाद्दर | दुपारी ३:३०

आता आमच्या खात्यातलं काम आलं.

अण्णा, तुमच्या नकाशाला तीन आजार आहेत.

पहिला, भागाकार. तुम्ही एकूण लोकसंख्येने भागलंत. रोबेसनमध्ये सगळ्यात मोठा गट मूळ अमेरिकन लोकांचा, मुख्यतः लंबी जमातीचा. मिसिसिपीच्या पूर्वेची सगळ्यात मोठी जमात ती. बाकी गोरे, काळे, लॅटिनो. गोरेच जिथे पाव-एक, तिथे स्कॉटिश टक्का चढणार कुठून? कंबरलंडचं वेगळं. तिथे १९१८ पासून फोर्ट ब्रॅगची छावणी. देशभरातून सैनिक येतात-जातात, तीन लाखांवर वस्ती. जुने स्कॉटिश कुठे गेले नाहीत, त्यांच्यात बाकीचे ओतले गेले. उसाच्या रसात पाणी घातल्यासारखं.

दुसरा आजार, प्रश्न. वंशाचा प्रश्न जनगणनेत १९८० पासून आला, २००० नंतर तो मुख्य अर्जातून गेला आणि या सर्व्हेत राहिला. मोकळी ओळ असते, माणूस मनाला येईल ते लिहितो, त्यातली जास्तीत जास्त दोन उत्तरं धरतात. खाली उदाहरणं छापलेली असतात आणि लोक ती बघून लिहितात! १९८० मध्ये 'इंग्लिश' उदाहरणांत होतं, देशात ४ कोटी ९६ लाख इंग्लिश निघाले. १९९० ला ते गाळलं, ३ कोटी २७ लाख. दहा वर्षांत पावणेदोन कोटी इंग्रज काय बुडाले? त्याच वर्षी 'केजन' (लुइझियानातले फ्रेंच वंशाचे लोक) हे उदाहरण घातलं, तर दहाएक हजारांचे साडेसहा लाखांवर गेले. स्कॉटिश हे उदाहरणांत नसतं. म्हणजे ज्याला आपणहून आठवतं तोच लिहितो.

तिसरा आजार सगळ्यात दांडगा. दक्षिणेत आणि डोंगरात बरेच लोक त्या ओळीवर 'अमेरिकन' एवढंच लिहितात. २००० मध्ये देशभर असे २ कोटींवर होते. अडीचशे वर्षं एका जागी राहिलेला माणूस कशाला सांगेल पणजोबाचा पणजोबा कुठला ते? उलट ओहायोहून निवृत्त होऊन आलेला, वंशावळीच्या संकेतस्थळाला पैसे भरणारा गृहस्थ छातीठोकपणे 'स्कॉटिश' लिहितो. मूर काउंटी का गडद, याचं अर्धं उत्तर मला इथे दिसतं. तिथे पाइनहर्स्ट आहे.

कट्ट्यावरचा_पक्या | दुपारी ३:५०

पाइनहर्स्ट म्हणजे गोल्फवालं?

टक्केवारी_बहाद्दर | दुपारी ४:०४

तेच. १८९५ मध्ये टफ्ट्स नावाच्या बॉस्टनच्या धनिकाने वसवलं. १९०० मध्ये डॉर्नक या स्कॉटिश गावचा डोनाल्ड रॉस तिथे आला आणि तिथलाच झाला. त्याचं दोन नंबरचं मैदान १९०७ चं, यूएस ओपन अगदी २०२४ मध्येही तिथे झाली. तर मूरमध्ये दोन थर आहेत. तळाशी १७०० च्या शतकातले हायलँडर शेतकरी, वर गोल्फ खेळायला आलेले निवृत्त उत्तरेकडचे. नकाशात दोघांचा एकच हिरवा रंग. माझा अंदाज हो, थर वेगळे करून दाखवणारा तक्ता नाही.

सौ_पानसे | संध्याकाळी ५:४४

आणि ते 'स्कॉच-आयरिश' वेगळं असतं का? माझ्या शेजारीण बाई स्वतःला तेच म्हणवतात. शार्लटजवळच्या. मी इतके दिवस समजत होते आई स्कॉटिश, वडील आयरिश.

जुनी_पानं | संध्याकाळी ६:३०

हा हा, निम्मं जग तसंच समजतं. स्कॉटलंडच्या सखल भागातले, प्रेस्बिटेरियन पंथाचे लोक साधारण १६०९ नंतर आयर्लंडच्या उत्तरेला, अल्स्टरमध्ये वसवले गेले. तिथे शंभरेक वर्षं राहून त्यांची पोरंनातवंडं १७१७-१८ पासून पेनसिल्व्हेनियात आली, आणि तिथून बैलगाडीच्या मोठ्या रस्त्याने खाली दक्षिणेत उतरली. रोवन, आयर्डेल, मेक्लेनबर्ग, कबॅरस. म्हणजे हायलँडर समुद्रातून नदीने आत आले आणि हे डोंगराच्या कडेने वरून खाली. एकाच राज्यात दोन दारं. भाषा वेगळी (यांना गेलिक यायचं नाही), पेहराव वेगळा. आणि युद्धात हे बहुतेक बंडखोरांच्या बाजूला! राष्ट्राध्यक्ष झालेला अँड्र्यू जॅक्सन यांच्यातलाच. त्याचा जन्म नॉर्थ की साउथ कॅरोलिनातला, यावर दोन्ही राज्यं अजून भांडतायत.

तक्त्यात 'स्कॉटिश' आणि 'स्कॉच-आयरिश' हे वेगळे रकाने आहेत. १९९० मध्ये देशभर दोघेही ५० लाखांच्या वर होते, स्कॉच-आयरिश थोडे जास्तच. २००० मध्ये दोघेही घसरले आणि क्रम उलटा झाला. माणसं तीच, शब्द बदलला. अण्णा, एकत्र करू नका. दोन नकाशे काढा.

केरीकर_अण्णा | रात्री ८:२०

बापरे. एका दिवसात एवढं? लेक शेजारी बसून वाचतेय (मराठी वाचायला लावण्याचा हा नवा मार्ग सापडला).

तिचा एक प्रश्न. दर जुलैत ग्रँडफादर माउंटनला हायलँड गेम्स भरतात, आम्ही गेलोय. ते तर पार वायव्येला डोंगरात, एव्हरी काउंटीत. तुम्ही सांगता ते हायलँडर दक्षिणेच्या सपाटीवर. मग खेळ तिकडे कसे?

जुनी_पानं | रात्री ८:५१

पोरगी हुशार आहे. बापावर गेली नाही.

ती जागा मॅक्रे घराण्याची. डोंगर, गवताळ माळ आणि धुकं बघून स्कॉटलंडची आठवण यावी अशी. अ‍ॅग्नेस मॅक्रे मॉर्टन आणि डोनाल्ड मॅक्डॉनल्ड यांनी १९५६ मध्ये सुरू केलं. दिवस १९ ऑगस्ट, कारण १७४५ मध्ये त्याच दिवशी राजपुत्र चार्लीने बंडाचं निशाण उभारलं. आता जुलैत होतं. म्हणजे जिथे प्रामुख्याने अल्स्टरचे सखल भागातले लोक वसले, ज्यांच्या पूर्वजांनी किल्टला हातही लावला नसेल, तिथे किल्ट घालून बॅगपाइप वाजतात. आणि जिथे खरे किल्टवाले राहायचे तिथे वाळू आणि पाइन. तिथल्या लोकांनी म्हणून काही हार मानलेली नाही, लॉरिनबर्गलाही गेम्स होतात.

मी दोन्ही पाहिलेत. डोंगरातलं दिसायला भारी. पण मला विचाराल तर हार्नेट काउंटीतल्या बार्बेक्यू चर्चला जा.

रांगडा_गडी | रात्री ८:५५

बार्बेक्यू. चर्च. पत्ता टाका, आत्ता निघालो.

जुनी_पानं | रात्री ९:१२

खायला काही मिळत नाही, सांगून ठेवतो. ओढ्याचं नाव बार्बेक्यू. दंतकथा अशी की नील मॅक्नील नावाच्या माणसाला पहाटे ओढ्यावरचं धुकं बघून वेस्ट इंडीजमध्ये पाहिलेल्या भट्ट्यांचा धूर आठवला. चर्च १७५७ पासूनचं. पहिले पाद्री जेम्स कॅम्बेल गेलिकमध्ये प्रवचन द्यायचे. फ्लोरा मॅक्डॉनल्डही तिथे यायची म्हणतात.

मी गेलो तेव्हा दुपार होती, चिटपाखरू नव्हतं. मागे दफनभूमी. मॅक्नील, कॅमेरॉन, मॅक्लीन, परत मॅक्नील. जुन्या दगडांवर शेवाळ, अक्षरं हाताने चाचपून वाचावी लागतात. सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे माणूस कुठे मेला हे कुणीच लिहीत नाही, तो कुठे जन्मला ते मात्र लिहितात. एका दगडावर नाव पुसलं गेलं होतं, 'स्काय बेटाचा' (स्कॉटलंडचं बेट) एवढंच वाचता आलं.

टक्केवारी_बहाद्दर | रात्री ९:३०

अवांतर, पण राहवत नाही. आपण मराठी लोक स्वतः कसे मोजले जातो ते बघितलंय का कुणी? याच सर्व्हेत घरी बोलायच्या भाषेचा तक्ता आहे. हिंदी, गुजराती, बंगाली, पंजाबी, तेलुगू, तमिळ यांना स्वतंत्र रकाने. आणि आपला रकाना: 'नेपाळी, मराठी किंवा इतर इंडिक भाषा'. अडीचशे वर्षांनी केरीचा नकाशा रंगवणारी पोरगी विचारेल, बाबा, इथे नेपाळी जास्त होते की मराठी?

सौ_पानसे | रात्री ९:४८

ईऽऽ, खरंच? आम्ही दर वेळी अर्जावर ठळक अक्षरात मराठी लिहितो हो.

टक्केवारी_बहाद्दर | रात्री ९:५५

लिहीत राहा ताई. सविस्तर तक्त्यांत वेगळी मोजतात अधूनमधून. पण काउंटीच्या पातळीवर नेपाळ्यांशी मांडीला मांडी.

केरीकर_अण्णा | गुरुवार, रात्री १०:१५

ठरलं ते सांगतो. तीन नकाशे केले. एक स्कॉटिश, एक स्कॉच-आयरिश, आणि तिसरा 'अमेरिकन' लिहिणाऱ्यांचा. तिसरा लेकीची कल्पना. तिन्ही ट्रेसिंग कागदावर, एकावर एक ठेवता येतील असे. रोबेसनवर तिने पेन्सिलीने गोळीवालीताईंच्या आजींसाठी एक चौकट काढली आणि आत लिहिलं: "इथे नावं आहेत, रंग नाही." मी तिला सुचवलेलं नाही, शप्पथ.

मास्तरांनी विचारलं, स्रोत काय? ही म्हणाली, जनगणना खातं आणि बाबांचे मित्र.

शनिवारी बार्बेक्यू चर्चला निघतोय. केरीहून तासाभराचा रस्ता. कोण येतंय? गाडीत तीन जागा आहेत.

रांगडा_गडी | रात्री १०:१८

मी कॅन्ससला आहे पण मनाने आलो. येताना खरं बार्बेक्यू हाणा कुठेतरी.

गोळीवाली | रात्री १०:४०

शनिवारी दुपारी दोनला सुटते. तिथे थेट भेटते. पोहे करून आणू का, की त्या ओढ्याच्या नावाचा अपमान होईल?